नावापुरते जंक्शन

मराठीत ‘जंक्शन’ हा शब्द मोठा रुबाबदार आहे. लग्नातले जेवण मनासारखे झाले की ते ‘जंक्शन’, पहिलवानाच्या मिशा ‘जंक्शन’, एखाद्याचा थाटही ‘जंक्शन’च! हा शब्द आपल्याला रेल्वेने दिला आणि भुसावळ, मनमाड, मिरज अशा स्टेशनांवरची रात्रंदिवस चालणारी वर्दळ पाहून आपण त्याला भरघोसपणाचा अर्थ चिकटवून टाकला. रेल्वेच्या लेखी मात्र त्याचा अर्थ अगदी कोरडा आहे. एका लोहमार्गाला दुसरा येऊन मिळतो ते जंक्शन. मग तिथे चहा मिळो वा न मिळो.

मुंबईहून नागपूरकडे जाताना अकोला मागे पडले की बडनेऱ्याच्या आधी मूर्तिजापूर लागते. अकोला जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. बहुतेक वेगवान गाड्या इथून धडधडत निघून जातात, आणि खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला पिवळ्या पाटीवरची अक्षरे वाचायलाही सवड मिळत नाही. वाचता आलीच तर तो बुचकळ्यात पडेल. कारण पाटी म्हणते ‘जंक्शन’, आणि मिळणारी दुसरी वाट काही दिसत नाही. ती वाट आहे. एक नव्हे, दोन आहेत. दक्षिणेला कारंजा, दारव्हा करीत यवतमाळकडे जाणारी ११३ किलोमीटरची, आणि उत्तरेला दर्यापूर, अंजनगाव करीत अचलपूरला पोचणारी सुमारे ७६ किलोमीटरची. दोन्हींवर अडीच फूट रुंदीचे रूळ आहेत, पण गाडी नाही. जिला सारा वऱ्हाड ‘शकुंतला’ म्हणून ओळखतो ती गाडी २०१० नंतरच्या दशकात आधी रखडत, मग अधूनमधून आणि शेवटी मुळीच धावेनाशी झाली.

हे नाव काही रेल्वे खात्याने दिलेले नव्हे. वेळापत्रकात ती साधी पॅसेंजर होती. शकुंतला केले ते लोकांनी. राजाने विसरलेल्या नायिकेचे नाव गाडीला देताना लोकांच्या मनात एवढे नाट्य खासच नसणार. पण पुढे जे घडले ते पाहता नाव फारच अचूक ठरले.

या गाडीची जन्मकथा कापसाची आहे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली, तिथला कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि गिरणीवाल्यांचे डोळे आपल्या काळ्या जमिनीकडे वळले. जीआयपी रेल्वेने १८६७ मध्ये नागपूर गाठले. मुख्य मार्ग तर झाला; पण कापूस पिकत होता तो मार्गाच्या दोन्ही अंगांना, पाचपन्नास कोस आत. मग फाटे फुटू लागले. जलंबहून खामगावला, बडनेऱ्याहून अमरावतीला. हे फाटे लहान होते, पण मुख्य मार्गाच्याच रुंदीचे, म्हणजे साडेपाच फुटांचे. आणि म्हणूनच ते आजतागायत जिवंत आहेत. अमरावतीहून थेट मुंबईला गाडी सुटते ती त्या जुन्या हिशेबाच्या पुण्याईवर.

मूर्तिजापूरच्या वाट्याला वेगळा हिशेब आला. मुंबईच्या किलिक निक्सन या १८५७ साली स्थापन झालेल्या पेढीने ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी’ उभी केली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हे दोन्ही मार्ग टाकले. पुलगाव-आर्वी हा ३५ किलोमीटरचा मार्गही याच कुटुंबातला. खाजगी कंपनी म्हटल्यावर ती पै-पै मोजणारच. अरुंद मार्गाला मातीकाम कमी लागते, पूल हलके चालतात, वळणे तीव्र घेता येतात, रूळही कमी वजनाचे पुरतात. थोडक्या भांडवलात सरकीसकट सगळा मुलूख मुख्य मार्गाला जोडला गेला. त्या काळाच्या दृष्टीने हा व्यवहार चोख होता. त्यातली मेख पुढे कळली.

मेख अशी की अडीच फुटांच्या रुळावरचा डबा साडेपाच फुटांच्या रुळावर चढू शकत नाही. यवतमाळच्या किंवा अंजनगावच्या जिनातून आलेली रुईची प्रत्येक गाठ मूर्तिजापूरला उतरायची, हमालांच्या पाठीवरून पलीकडे जायची आणि मोठ्या वाघिणीत चढायची. या अदलाबदलीवर गावात कितीतरी चुली पेटत होत्या. हमाल, मुकादम, गाडीवान, दलालांचे कारकून, अडत्ये, त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळी… मूर्तिजापूरच्या जंक्शनपणाचा खरा अर्थ तो होता. दोन मार्ग मिळतात म्हणून नव्हे, तर ते पुरते मिळत नाहीत म्हणून हे गाव वाढले. मग डांबरी रस्ते आले, ट्रक आले. ट्रकवाला जिनाच्या दारात गाठी भरतो आणि मुंबईच्या गोदीत किंवा गिरणीच्या दारात उतरवतो. मधे कुणाची पाठ लागत नाही. त्या दिवशी मालवाहतूक संपल्यातच जमा झाली. उरले ते प्रवासी.

त्या प्रवाशांपैकी मी एक. आमचे आजोळ दर्यापूर तालुक्यात. सत्तरच्या दशकात उन्हाळ्याची सुट्टी लागली की आई आम्हा भावंडांना घेऊन जळगावहून पॅसेंजरने निघायची. मूर्तिजापूरला उतरून बोचकी सांभाळत अरुंद मार्गाच्या फलाटाकडे जायचे. मोठ्या गाडीतून उतरलेल्या आम्हा मुलांना ते डबे खेळण्यातले वाटायचे, आणि पुढे काळे इंजिन मात्र खरेखुरे, फुसफुसणारे. मँचेस्टरमध्ये १९२१ साली तयार झालेले आणि १९२३ पासून या मार्गावर राबणारे ते वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ रोजी कामावरून उतरवले गेले. सत्तर वर्षांहून अधिक नोकरी! एवढी सेवा माणसाला कुणी करू देत नाही. त्याच्या जागी डिझेल इंजिन आले. गाडीचा वेग त्याने काही फारसा वाढला नाही, कारण खोट इंजिनात नव्हतीच, रुळांत होती.

अचलपूरचे ते ७६ किलोमीटर तोडायला चार तास लागत. एवढ्या वेळात काय काय होई! फाटकांवर माणूस नसे. गाडी अलीकडे थांबायची, गाडीवरचाच कुणी उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जायची, पुन्हा थांबायची, फाटक उघडले जायचे आणि तो धावत येऊन चढायचा. तिकिटे गार्डच फाडायचा. लहान थांब्यांवर स्टेशनमास्तरही तोच आणि फडकेवालाही तोच. गाडी हलल्यावर शेताच्या बांधावरून हाक यायची, ‘थांबा ना जी, बुढी येऊन राह्यली!’ आणि गाडी थांबायची. बुढी कपाळावरचा घाम पुसत डब्यात चढायची, ड्रायव्हरला दोन आशीर्वाद द्यायची आणि पुढच्या पाच मिनिटांत साऱ्या डब्याची चौकशी करून मोकळी व्हायची. कुणाच्या टोपलीत आलूबोंडे, कुणाच्या फडक्यात भाकर नि ठेचा, कुणाच्या मांडीवर कोंबडी. आम्हा मुलांना गाडीतून उतरून तिच्या शेजारून चालायची कोण हौस! आईने ती कधी पुरवू दिली नाही, ही गोष्ट निराळी.

हे सारे सांगताना गंमत वाटते. आणि या गाडीवर आजवर जे लिहिले गेले त्यातले बरेचसे या गमतीतच संपले आहे. ‘कासवगतीची गाडी’, ‘चालत्या गाडीतून उतरा, बोरे वेचा, परत चढा’ वगैरे. मला त्यातली चेष्टा रुचत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात काय करते हे ज्याने पाहिले नाही त्याने हसावे. पायाला शेर-शेर चिखल चिकटतो, बैलगाडीचे चाक आसापर्यंत रुतते. खारपाणपट्ट्यातला हा मुलूख. विहिरीचे पाणी मचूळ, रस्ते निम्मे वर्ष बंद. अशा दिवसांत भरावावरून जाणारे ते दोन अरुंद रूळ हीच काय ती भरवशाची वाट होती. बाळंतीण याच गाडीने तालुक्याला आली, मॅट्रिकची पोरे याच गाडीने परीक्षेला गेली, आणि हाताला काम नसलेला मजूर याच गाडीने मूर्तिजापूरला येऊन मुंबईची गाडी पकडत होता. एसटीपेक्षा कितीतरी कमी पैशांत. गाडी हळू होती हे खरे, पण ज्याच्या खिशात एसटीचे भाडे नव्हते त्याला ती हळू वाटत नव्हती.

गाडीची दुर्दशा का झाली, यावर वऱ्हाडात एक लाडकी दंतकथा आहे. ती अशी, की हा मार्ग अजून इंग्रजांचा आहे, आणि दरवर्षी तिकडे विलायतेला पैसे पोचते होतात. चहाच्या टपरीवर ही कथा राणीच्या खजिन्यापर्यंत जाते! सत्य यापेक्षा साधे आणि अधिक त्रासदायक आहे. स्वातंत्र्यानंतर देशभरातल्या रेल्वे कंपन्या सरकारजमा झाल्या, तेव्हा हे मार्ग त्या व्यवहाराबाहेर राहिले. मालकी कंपनीची, आणि गाडी चालवायची मध्य रेल्वेने. कंपनीला त्याचा मोबदला द्यायचा, आणि ठराविक वर्षांनी करार पुढे चालू करायचा, अशी ती व्यवस्था. किलिक निक्सनही कालांतराने भारतीय हातांत आलेली कंपनी. राणीचा तिथे काही संबंध नाही. पण भाड्याच्या घराला रंग कोण लावणार? रेल्वे म्हणणार, रूळ आमचे नव्हेत, त्यात पैसा का ओतावा? कंपनी म्हणणार, मिळणाऱ्या मोबदल्यात एवढी मोठी दुरुस्ती कशी परवडावी? घरमालक आणि भाडेकरू यांच्या वादात छत गळत राहते, तसे रुळांचे झाले. स्लीपर कुजले, खडी मातीत गेली, वेगावर बंधने आली, आणि एक दिवस सुरक्षिततेच्या कारणाने गाडी थांबवावी लागली. त्या कारणात तथ्य होते हेही मान्य केले पाहिजे. पण ते कारण निर्माण व्हायला अर्धशतक लागले होते.

२०१६ मध्ये, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, हे मार्ग रुंद करण्यासाठी सुमारे दीड हजार कोटी रुपयांची घोषणा झाली. पेढे वाटले गेले. त्यानंतर सर्वेक्षणे, निवेदने, मोर्चे, सत्याग्रह हे सर्व यथासांग झाले. दुष्यंताची अंगठी निदान माशाच्या पोटात सापडली होती. ही अंगठी कोणत्या फायलीच्या पोटात आहे, ते शोधायला कोळीही मिळेना.

मध्यंतरी कामानिमित्त अकोल्याला गेलो होतो. अर्धा दिवस मोकळा होता, म्हणून मूर्तिजापूरला उतरलो. मुख्य फलाट नीटनेटके आहेत. मालगाड्यांची रांग संपत नाही. अरुंद मार्गाच्या बाजूला गेलो तेव्हा बाभळी आणि गाजरगवत यांच्यातून वाट काढावी लागली. रूळ कुठे दिसतात, कुठे मातीखाली जातात. एका जागी वासरू बांधलेले होते, आणि दोरी रुळालाच अडकवलेली होती. शंभर वर्षांपूर्वीच्या पोलादाचा तेवढा तरी उपयोग चालू आहे म्हणायचा. जवळच एक निवृत्त रेल्वे कर्मचारी भेटले. सारी हयात त्यांनी या यार्डात सांधे बदलण्यात घालवलेली. गाडीविषयी हळवे बोलतील अशी माझी अपेक्षा होती. ते बोलले ते भलत्याच गोष्टीवर. नातवाला अंजनगावला नोकरी आहे. रोज बसने जाऊन-येऊन पगारातला किती हिस्सा उडतो आणि घरी यायला किती रात्र होते, याचा त्यांनी मला हिशेबच मांडून दाखवला. गाडीला कुणी शकुंतला म्हणते की आणखी काही, याच्याशी त्यांना काही देणेघेणे नव्हते. मला ते फार बरे वाटले.

कारण या जंक्शनाचा प्रश्न हळवेपणाने सुटण्यासारखा नाही. त्याच्या दोन फाट्यांचे भवितव्य आता एक राहिलेले नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, आणि ती दोन्ही गावांच्या मागण्या एका दमात करणाऱ्या निवेदनांत येत नाही.

यवतमाळचे पाहा. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा सुमारे २८४ किलोमीटरचा नवा रुंद मार्ग मंजूर होऊन वर्षे लोटली, आणि २८ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यातल्या वर्धा ते कळंब या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले. हा मार्ग यवतमाळहून दारव्हा, दिग्रस, पुसदकडे जायचा आहे. म्हणजे शकुंतलेच्या वाटेवरचे यवतमाळ आणि दारव्हा या दोन्ही गावांना रेल्वे मिळणार, फक्त ती मूर्तिजापूरकडून येणार नाही. उद्या कुणी अधिकारी म्हणाला, की एकाच गावाला दोन दिशांनी मार्ग कशाला, तर त्याला वेड्यात काढता येणार नाही. उत्तर मात्र आहे. यवतमाळच्या माणसाला मुंबईला जायचे तर नव्या मार्गाने तो आधी पूर्वेला वर्ध्यापर्यंत जाईल, आणि मग तिथून पश्चिमेला वळून पुलगाव, बडनेरा करीत त्याच मूर्तिजापूरवरून पुढे जाईल. डाव्या हाताने उजवा कान धरण्यातला प्रकार. शिवाय कारंजा लाड या साऱ्यातून सुटतेच. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून तिथे वर्षभर भाविकांची रीघ असते; जैन मंदिरांमुळे येणारे वेगळे. मूर्तिजापूर ते कारंजा एवढा तुकडा जरी रुंद झाला तरी त्याला प्रवाशांची वाण पडणार नाही, असे मला वाटते. पण हा सारा युक्तिवाद सोयीचा आहे, निकडीचा नव्हे, हे मी कबूल करतो.

निकड आहे ती उत्तरेकडे. अचलपूरला दुसरी कुठलीच वाट नाही. हे काही आडगाव नव्हे. एके काळी एलिचपूर या नावाने ते वऱ्हाडची राजधानी होते. परतवाड्याला लागून, मेळघाटाच्या पायथ्याशी; चिखलदऱ्याला जाणारा प्रत्येक जण इथूनच वर चढतो. खाली अंजनगाव सुर्जी. ३० डिसेंबर १८०३ रोजी शिंदे आणि इंग्रज यांच्यात तह झाला, तो याच गावी. आज ते गाव पानपिंपळीसाठी, केळीसाठी, संत्र्यांसाठी ओळखले जाते. संत्रे हे नाजूक फळ. ट्रकमध्ये रचलेला माल दिल्ली-कोलकात्याला पोचेपर्यंत तळची रास कशी होते, ते बागाईतदारांना विचारा. दर्यापूरच्या बाजाराला कापूस, तूर, हरभरा. शेजारच्या अकोटकडे पाहावे. तिथेही मीटरगेजची जुनी गाडी होती. तो मार्ग रुंद झाला आणि २०२२ मध्ये अकोला-अकोट गाडी धावू लागली. अकोटहून अंजनगाव काही फार लांब नाही. एका गावाच्या पदरात पडते आणि शेजारच्या गावाने हात चोळत बसायचे, यामागे अंतराचा किंवा उत्पन्नाचा हिशेब असेल तर तो एकदा लोकांसमोर मांडला जावा. मला वाटते तो फक्त मालकीच्या कागदाचा हिशेब आहे. अकोटचा मार्ग सरकारचा होता, अंजनगावचा नव्हता. एवढाच फरक.

म्हणून मूर्तिजापूरच्या दोन फाट्यांची गाठ सोडवून आधी अचलपूरचे काम हाती घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. यवतमाळकरांना हे आवडणार नाही. कारंजेकरांना तर मुळीच नाही. पण दोन्ही मागण्या एकत्र बांधून ठेवल्याने आजवर दोन्ही मागे राहिल्या. काम सोपे नाही. रुंद रुळांना रुंद भराव लागतो, तीव्र वळणे सरळ करावी लागतात, आणि लाखपुरीजवळ पूर्णेवर नव्याने पूल बांधावा लागेल. जुन्या पुलावर आजचे इंजिन घालण्याची कल्पनाच करवत नाही. गावागावांत रुळांच्या कडेला झालेल्या वस्त्यांचा प्रश्न वेगळाच. तरीही दिशा ठरलेली आहे, पट्टा आखलेला आहे आणि दोन्ही टोकांना माणसे वाट पाहत उभी आहेत. कोऱ्या माळावर नवा मार्ग काढण्यापेक्षा हे खासच हलके.

राहता राहिली वारशाची गोष्ट. नेरळ-माथेरानच्या १९०७ सालच्या गाडीचे कौतुक पाहून पुष्कळांना वाटते, शकुंतलेलाही तसेच जपावे. परदेशी पाहुणे येतील, फोटो काढतील. जपावे, जरूर जपावे. मूर्तिजापूरच्या यार्डात एखादा तुकडा, चार डबे, जुने सिग्नल आणि हमालांच्या त्या अदलाबदलीच्या कामाची नीट मांडलेली हकिकत एवढे झाले तर शाळेच्या सहली हौसेने येतील. पण माथेरानला लोक हवा खायला जातात. दर्यापूरला जाणारा माणूस दवाखान्यात, कोर्टात, बाजारात, कॉलेजात जात असतो. त्याला फोटोतली गाडी दिली आणि खरी दिली नाही, तर तो त्या फोटोकडे पाहणारसुद्धा नाही.

त्या दिवशी परतताना मी मुद्दाम बसने दर्यापूरकडे निघालो. पूर्णेचा पूल ओलांडताना अरुंद मार्गाचा पूल दिसतो का म्हणून मी खिडकीतून मान बाहेर काढली. शेजारी कॉलेजातली एक मुलगी बसली होती. मी काय शोधतो आहे ते तिने विचारले, मी सांगितले. गाडीत ती कधी बसली नव्हती. लहानपणी फाटकावर उभी राहून हात हलवला होता, एवढेच तिला आठवत होते. मग तिने मला विचारले, गाडी सुरू झाली तर तिची वेळ सकाळी सातची ठेवतील का? साडेदहाला तिचे पहिले लेक्चर असते, आणि ही बस नेहमी उशीर करते.